सेंद्रिय झबलं आणि उताऱ्याचा हिशोब

बाळाच्या झबल्याच्या आतल्या शिवणीला बोटभर पट्टी असते. त्या पट्टीवर जीओटीएस, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्डचं चिन्ह छापायचं तर तीन गोष्टी सोबत द्याव्याच लागतात: कपड्याची श्रेणी, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक. कापूस पिकवणाऱ्याचं नाव, गाव किंवा गट छापण्याची सक्ती नाही. कोपरगाव तालुक्यातल्या एका घरात मामा-भाचीचं वाजलं ते नेमकं याच पट्टीवरून.

भाचीने इचलकरंजीत वस्त्रतंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलं आणि पुढे तिरुपूरला निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी केली. आता तिला कोपरगावातच झबली-टोपडी, दुपटी शिवण्याचं छोटं युनिट काढायचं आहे, तेही सेंद्रिय कापसाचं आणि रीतसर प्रमाणपत्रासह. मामांचं रान गोदावरीच्या कालव्याच्या टेलला. आवर्तन वेळेवर मिळालं तर ऊस, नाही तर सोयाबीन, मका आणि कपाशी. आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा गट करून सेंद्रिय कपाशी लावा, कापूस मी घेते, असं भाचीचं म्हणणं. मामांना ते सहजासहजी पटणारं नव्हतं.

“पट्टीवर माझं नाव नाही, गावाचं नाही. मग हा कापूस माझ्या रानातला, हे तुझ्या गिऱ्हाइकाला कळायचं कसं?”

“नावावरून नाही मामा, साखळीवरून कळतं. परवाना क्रमांक जीओटीएसच्या सार्वजनिक यादीत शोधायचा. माल कोणत्या कारखान्याचा, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, ते कुणालाही दिसतं. त्या कारखान्याने कापड कुणाकडून घेतलं, कापडवाल्याने सूत कुठून आणलं, गिरणीने रुई कुठल्या जिनिंगची घेतली, याचा प्रत्येक खेपेचा वेगळा कागद असतो. व्यवहार प्रमाणपत्र म्हणतात त्याला.”

“आणि जिनिंगमध्ये कापूस कुठून आला?”

मामांचं बोट बरोबर साखळीच्या सांध्यावर पडलं होतं. जीओटीएस २००६ पासून चालू आहे. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि जपान इथल्या चार संस्थांनी आपापले वेगवेगळे नियम एकत्र आणून ते तयार केलं. त्याची सातवी आवृत्ती मार्च २०२४ पासून लागू झाली. कपड्यात किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा असेल तर वरची श्रेणी, किमान ७० टक्के असेल तर ‘इतके टक्के सेंद्रिय धाग्यापासून’ अशी दुसरी. पण हे मानक शेताच्या बांधापर्यंत येत नाही. त्याची तपासणी जिनिंगपासून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या टप्प्यापासून, सुरू होते. शेत सेंद्रिय आहे की नाही, हे ठरतं भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार. हा कार्यक्रम २००१ पासून अपेडा ही केंद्र सरकारची निर्यात संस्था राबवते आणि त्याच्या नोंदी २०१० पासून ट्रेसनेट या संगणकीय प्रणालीत होतात. म्हणजे एका झबल्यामागे दोन स्वतंत्र व्यवस्था उभ्या असतात आणि त्या दोन्ही जिनिंगच्या फाटकाशी एकमेकींना भेटतात.

भाचीने जवळचं उदाहरण काढलं. नगर-मनमाड रस्त्याने कोपरगावहून निघालं की पुढचं मोठं गाव येवला. “पैठणी घ्यायला आलेली बाई सिल्क मार्क बघते की नाही? केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये ते चिन्ह आणलं. आमचंही तसंच.”

“तसंच कसं? रेशमाचा धागा जाळला की जळक्या केसांचा वास येतो, राख चिमटीत चुरगळते. खरं-खोटं तिथल्या तिथे कळतं. तुझं सेंद्रिय झबलं जाळून मला काय कळणार? दोन्ही कापूसच.”

हा आक्षेप अगदी मुळावरचा आहे, आणि भाचीला तो मान्य करावा लागला. सेंद्रिय कापसाचा धागा आणि रासायनिक शेतीतल्या कापसाचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तरी फरक दिसत नाही. सेंद्रिय शेतीत न चालणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या बियाण्याचा अंश सरकीत आणि रुईत सापडतो. त्याच्या तपासणीची आंतरराष्ट्रीय पद्धत २०१९ मध्ये ठरली. पण कापड एकदा उकळून, ब्लीच करून, रंगवून बाहेर पडलं की डीएनएचे तुकडे होतात आणि ती तपासणी भरवशाची राहत नाही. तयार कपड्याने स्वतःच्या बाजूने साक्ष द्यावी अशी सोयच नाही.

“म्हणूनच तर कागद लागतो, मामा,” भाची म्हणाली. “वस्तू बोलत नाही, तिथे वाटेतल्या प्रत्येकाला बोलतं करावं लागतं. आणि सेंद्रिय कपडा म्हणजे नुसता सेंद्रिय कापूस नाही. तुम्ही विषाचा थेंब न वापरता कापूस पिकवला आणि पुढे कुणी तो नदी नासवणाऱ्या रंगात बुडवला, तर बाळाच्या अंगावर काय गेलं?”

तिरुपूरचा इतिहास तिने जवळून ऐकला होता. नोय्यल नदीत रंगाचं पाणी सोडणं थांबेना, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले सातशेहून अधिक रंगाई-धुलाई कारखाने बंद करायला लावले. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था उभी केल्याशिवाय ते पुन्हा सुरू करता येणार नव्हते. जीओटीएसमध्ये रंगाईचा कारखाना असेल तर सांडपाणी प्रक्रिया चालू स्थितीत असावीच लागते. रंग आणि रसायनं आधी मंजूर केलेल्या यादीतलीच वापरायची. विषारी जड धातू, फॉर्मल्डिहाइड, क्लोरीनचं ब्लीचिंग यांना मज्जाव. शिलाईखोलीत बालकामगार नकोत, वेठबिगारी नको, संघटना करायला आडकाठी नको. निरीक्षक दरवर्षी प्रत्यक्ष येऊन बघतो आणि प्रमाणपत्राची मुदत एका वर्षाचीच असते.

हे सगळ्याच चिन्हांना लागू नाही, हेही तिने सांगितलं. टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेचं ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड फक्त कपड्यात सेंद्रिय धागा किती, एवढंच मोजतं. रंगाचं पाणी, मजुरी हे त्याच्या कक्षेत येत नाही. ‘बेटर कॉटन’ हा तर सेंद्रिय कापूसच नव्हे. त्यात खतं-फवारण्या जपून वापरायच्या असतात, जनुकीय बदल केलेलं बीटी बियाणं चालतं, आणि बराच माल असा असतो की कंपनीने तेवढ्या कापसाचा खर्च उचलला, पण तो नेमका कापूस त्या कपड्यात असेलच असं नाही. दुकानात ही तिन्ही चिन्हं शेजारी शेजारी टांगलेली असतात. गिऱ्हाइकाला त्यातला फरक कुणी सांगत नाही.

मामांनी ऐकून घेतलं. रंगाच्या पाण्याचा मुद्दा त्यांना पटला. पण त्यांचा खरा राग पुढे होता.

“शिवणारीच्या पगाराची चौकशी होते, चांगलं आहे. आमच्याकडे भर उन्हात वेचणी करणाऱ्या बाईची चौकशी त्यात आहे?”

“जीओटीएसची प्रत्यक्ष तपासणी जिनिंगपासून पुढे. त्यामुळे नाही.”

“आणि तुझे एवढे कागद असताना तो मोठा घोटाळा झाला, तो कसा?”

ऑक्टोबर २०२० मध्ये जीओटीएसनेच तो जाहीर केला होता. भारतातला सुमारे २० हजार टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला होता. कच्च्या कापसाची व्यवहार प्रमाणपत्रं बनावट होती. त्यांवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की अपेडाच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडायची आणि तिथे तो कागद खरा दिसायचा. ११ कंपन्यांवर प्रमाणनाची बंदी आली. २०१९-२० च्या हंगामात जगात सुमारे अडीच लाख टन सेंद्रिय कापूस नोंदला गेला आणि त्यातला जवळपास निम्मा भारताचा होता. त्या मापाने पाहिलं तर देशाच्या वर्षभराच्या सेंद्रिय कापसाचा सहावा हिस्सा खोटा निघाला. तीन महिन्यांत, जानेवारी २०२१ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने अपेडाबरोबरची मान्यतेची व्यवस्था संपवत असल्याचं जाहीर केलं. भारतीय सेंद्रिय माल अमेरिकेत पाठवणाऱ्यांना मग थेट त्यांच्या खात्याच्या नियमांनी नव्याने प्रमाणपत्र घ्यावं लागलं. मध्य प्रदेशातून तर अशाही बातम्या आल्या की गावकऱ्यांची नावं सेंद्रिय गटाच्या यादीत आहेत आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नाही.

“खोटं करणारे सुटले, आणि खऱ्याचा खर्च वाढला,” मामा म्हणाले.

“चोरी उघडकीला आली ती त्या नोंदींमुळेच ना? नियमच नसते तर २० हजार टन खोटे आहेत हे मोजणार कोण होतं?”

“मोजलं ते माल निघून गेल्यावर. मोजायचं कुठे, ते मी सांगतो तुला.”

मग मामांनी तिला उसाचा हिशोब घातला. कोपरगाव तालुक्याला हा हिशोब नवा नाही. सहकारी कारखाने, साकरवाडीचा जुना कारखाना, कालव्याखालचा ऊस, यांत इथल्या तीन पिढ्या गेल्या. इथला शेतकरी उसाची नोंद, तोडणीची पावती, काट्यावरचं वजन आणि साखरेचा उतारा या चार गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. उसाचा रास्त दरसुद्धा उताऱ्याशी बांधलेला: २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,४०० रुपये. एवढ्या टन उसातून इतकी साखर निघायला पाहिजे, हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला कमी-जास्त झालेलं लगेच खटकतं. “कापसालाही उतारा असतोच की,” मामा म्हणाले. “क्विंटलभर कापसाची चौतीसेक किलो रुई, बाकी सरकी. तिथून पुढे हिशोब मांड.”

भाचीने वही घेतली. समजा गटात ३०० शेतकरी, प्रत्येकाची दोन एकर कपाशी. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल धरले तर ३,००० क्विंटल कापूस. त्याची रुई साधारण १,०२० क्विंटल. कताईत काही भाग तुटीत जातो, कपडा कापताना कातरण पडतं. सगळं वजा जाता रुईच्या साठ टक्के वजन कपड्यात उतरलं, असं धरू. एक झबलं साठ ग्रॅमचं. या गटाच्या कापसातून साधारण दहा लाख झबली निघतील.

“आता कागदावर पाच क्विंटल लिहिलंय, आणि पावसाने ओढ दिल्यामुळे रानात निघाले तीनच,” मामा म्हणाले. “राहिलेले बाराशे क्विंटल?”

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. ते बाराशे क्विंटल बाजारातून येतात. साधा बीटी कापूस, साध्या भावाचा, त्याच गटाच्या नावावर जिनिंगच्या फाटकातून आत जातो. पुढचे सगळे कागद मग खरेच असतात. सूतगिरणी खरी, रंगाई नियमात, शिलाई नियमात, निरीक्षकाचा अहवाल स्वच्छ. दहा लाखांतली चार लाख झबली मात्र सेंद्रिय नसतात, आणि पुढच्या कुठल्याही टप्प्यावर ते ओळखता येत नाही. नियमानुसार २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट होतो. गट स्वतः अंतर्गत तपासणी ठेवतो आणि बाहेरचा निरीक्षक त्यांतली निवडक शेतं बघतो. प्रत्येक बांधावर तो पोचत नाही. बनावट संकेतस्थळ उभारायला तरी कारागिरी लागते. इथे नुसता एकरी उताऱ्याचा आकडा फुगवला की काम भागतं.

या प्रमाणनाचं खरं दुखणं इथे आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. सगळी शिस्त जिनिंगनंतर एकवटली आहे आणि सगळी फट जिनिंगच्या अलीकडे आहे. ती बुजवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. भारतातल्या जिनिंगना सेंद्रिय कापसाची जनुकीय तपासणी करून घ्यावी लागते. शेत आणि जिनिंग यांच्यातल्या मालाच्या आकड्यांची सामाईक नोंदवही जीओटीएस आणि टेक्स्टाइल एक्स्चेंज यांनी सुरू केली आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या साहाय्याने उपग्रहाच्या चित्रांवरून सेंद्रिय कपाशीची शेतं ओळखण्याचे प्रयोगही झाले आहेत. पण त्या वर्षी त्या रानात किती कापूस निघाला, हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत नक्की त्या शेतकऱ्यालाच माहीत असतं. त्याला विचारायचं, त्याच्या हाती वजनाची पावती द्यायची आणि ती पावती पुढच्या कागदाला जोडायची, हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीचं काम आहे.

भाची एवढ्यावर थांबायला तयार नव्हती. “पावती देऊ. पण बियाण्याचं काय? तुमच्या गटातल्या एकाने कृषी सेवा केंद्रातून नेहमीचं पाकीट उचललं, तर तपासणीत सगळ्यांचा कापूस बाद.”

बियाण्याचा हा पेच महाराष्ट्राच्या घरातलाच आहे. जालन्याच्या महिको कंपनीने मोन्सँटोबरोबर आणलेल्या बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशीचं क्षेत्र बीटीखाली गेलं. सुरुवातीला बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हे खरं. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या तंत्रज्ञानाला दाद देणं सोडलं, हेही तितकंच खरं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सेंद्रिय कापसाची चर्चा परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीपुरती ठेवता येत नाही, ती या मृत्यूंमुळे. फवारणीचा पंप पाठीवर घेणारा माणूस या साखळीत सगळ्यांत आधी उभा आहे.

सेंद्रिय शेतीत बीटी बियाणं चालत नाही, आणि बिगर-बीटी चांगलं बियाणं बाजारात सहज मिळत नाही. शेजारच्या बीटी कपाशीचे परागकण मधमाश्यांबरोबर येण्याचीही धास्ती. मामांनी यावर परभणीचा तोडगा सुचवला. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने पीए २५५, पीए ४०२ असे देशी कपाशीचे सरळ वाण दिले आहेत. देशी कापूस म्हणजे आखूड, जाडाभरडा धागा, ही जुनी समजूत त्यांनी मोडली. पीए २५५ चा धागा सुमारे २८ मिलिमीटर लांब भरतो. देशी कपाशीच्या पेशीत गुणसूत्रं २६, तर बीटी संकरित वाण ज्या अमेरिकन जातीचे आहेत तिच्यात ५२. त्यामुळे शेजारच्या बीटीचे परागकण देशी फुलावर पडले तरी संकर सहसा धरत नाही. शिवाय सरळ वाणाचं बी घरचं राखता येतं आणि मावा-तुडतुड्यांना ही कपाशी चांगली तोंड देते.

“मग लावा की देशी!”

“लावू. पण तिचं बोंड लहान, वेचायला वेळ जास्त, मजुरी जास्त. उशीर झाला तर बोंडातला कापूस जमिनीवर गळतो. आणि पहिली दोन वर्षं शेत रूपांतरात. तेव्हाचा माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, उत्पन्न मात्र घटलेलं. त्या दोन वर्षांचं तू काय करणार?”

वार्षिक पिकाला पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतर काळ हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. या काळात शेतकरी खत-औषधाचा सगळा नियम पाळतो आणि भाव बाजारातलाच घेतो. केंद्राने २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. सेंद्रिय कापसाला वेगळा हमीभाव नाही. जास्तीचे पैसे मिळाले तर ते खरेदीदाराच्या मर्जीवर आणि करारावर.

भाचीने सांगितलं की रूपांतरातल्या कापसालाही जीओटीएसमध्ये ‘रूपांतर काळातला’ असं लिहून पट्टी लावता येते. त्यामुळे दोन वर्षं माल पडून राहणार नाही. पण त्यासाठी शेतकऱ्याला किती जादा द्यायचं, यावर मानकात अक्षरही नाही, हे तिने कबूल केलं.

“ऊस गाळपाला गेला की चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे,” मामा म्हणाले. “पाळतात न पाळतात ते पुढचं, पण भांडायला कायदा आहे. तुझ्या मानकात रंगाऱ्याला नियम, शिंप्याला नियम, गोदामाला नियम. भावाला नियम नाही. आणि प्रमाणपत्र कुणाच्या नावावर? गट चालवणाऱ्या कंपनीच्या. उद्या तिच्याशी पटलं नाही तर माझा तोच कापूस दुसऱ्याकडे सेंद्रिय म्हणून विकता येतो का?”

येत नाही, आणि बहुतेक सेंद्रिय कापूस उत्पादकांची अडचण हीच आहे. गटाची कागदपत्रं, तपासणीचा खर्च, प्रमाणपत्र हे सगळं बऱ्याचदा जिनिंगवाल्याच्या किंवा व्यापारी कंपनीच्या हाती असतं. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाची आठवी आवृत्ती आली. तिने जुन्या अंतर्गत नियंत्रण व्यवस्थेच्या जागी उत्पादक गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व दिलं. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था म्हणून नोंदलेला गट आपल्या नावाने उभा राहू शकतो. सहकारात मुरलेल्या कोपरगावसारख्या तालुक्याला हे अवघड जाऊ नये. डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन हा राज्य सरकारचा उपक्रमही गट बांधण्यासाठीच आहे.

भावाचंही उदाहरण आहे, आणि ते भाचीनेच काढलं. विदर्भ, तेलंगण आणि ओडिशात २००४ पासून काम करणाऱ्या चेतना ऑरगॅनिकचा कापूस शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपनीमार्फत विकला जातो आणि त्याला सेंद्रियबरोबर फेअरट्रेडचंही प्रमाणपत्र आहे. फेअरट्रेडमध्ये किमान भाव ठरलेला असतो आणि वर सामूहिक कामासाठी अधिमूल्य मिळतं. ते कुठे खर्च करायचं, हे शेतकरी मिळून ठरवतात. गोव्यातून चालणारा ‘नो नॅस्टीज’ हा कपड्यांचा ब्रँड असाच कापूस वापरून उभा राहिला. म्हणजे भाव मानकात बसवता येतच नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही.

मामांचं उदाहरण वर्ध्याचं होतं. गांधीजींनी १९३८ मध्ये उद्घाटन केलेल्या मगन संग्रहालयाने आसपासच्या शेतकऱ्यांचा सेंद्रिय, बिगर-बीटी कापूस घेऊन, नैसर्गिक रंग वापरून खादी विणण्याचं काम उभं केलं आहे. “कापूस कुठला, सूत कुणाचं, रंग कसला, सगळं एका पंचक्रोशीत. ज्याला शंका आहे त्याने जाऊन बघावं. तुझ्या परवाना क्रमांकापेक्षा मला हा भरवसा मोठा वाटतो.”

“मलाही वाटतो,” भाची म्हणाली, “पण पंचक्रोशीतला माणूस जाऊन बघेल. पुण्या-मुंबईच्या दुकानात झबलं घेणारी आई वर्ध्याला कशी जाणार? माझं कापड तर तिरुपूरला रंगून येणार. साखळी लांबली की भरवसा कागदावर न्यावाच लागतो. आणि आपल्या देशात सेंद्रिय अन्नासाठी २०१७ चे नियम आहेत. कपड्यासाठी तसा वेगळा नियम नाही. कुणीही झबल्यावर ‘ऑरगॅनिक’ छापतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाचे मोघम दावे पुराव्याशिवाय करू नका, असं बजावलं. तो पुरावा मी कुठून दाखवू?”

दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोन्ही पारडी सारखी नाहीत. मानक हवं की नको, या वादात भाचीची बाजू भक्कम आहे. तयार कपड्यावरून सेंद्रिय ओळखता येत नाही, तोवर कागदांची साखळी लागणारच. ती साखळी सुरू कुठून व्हावी आणि तिचा पहिला कागद कुणाच्या हाती असावा, यावर मात्र मामांचं म्हणणं प्रत्येक कपडे उत्पादकाने मनावर घ्यायला हवं. २०२० च्या फसवणुकीतून एवढं तर उघड झालं की शेवटच्या टोकाला कितीही पहारे बसवले तरी पहिल्या टोकाची खातरजमा त्यांनी होत नाही. सेंद्रिय कपडे विकणाऱ्याने परवाना क्रमांकाइतकंच ठळकपणे सांगावं की कापूस कोणत्या गटाचा, त्या वर्षी एकरी उतारा किती आणि शेतकऱ्याला बाजारभावावर किती जादा दिले. मानक त्याला अडवत नाही. ते त्याने आपणहून करायचं आहे.

वहीच्या नव्या पानावर भाचीने मग अटी लिहायला घेतल्या. गटाची नोंदणी शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून, प्रमाणपत्र तिच्याच नावाने. कापूस जिनिंगला जाण्याआधी गावातल्या काट्यावर वजन, पावतीची एक प्रत शेतकऱ्याकडे. बियाणं परभणीच्या देशी वाणाचं, गटाने एकत्र आणलेलं, पेरणीआधी तपासलेलं. झबल्याच्या पट्टीवर गटाचं नाव. मामांनी पाचवी अट सांगितली: रूपांतराच्या दोन वर्षांत हमीभावावर ठरावीक जादा रक्कम, लेखी. भाचीने आकडा विचारला. मामांनी क्विंटलला हजार सांगितले. ती पाचशेच्या वर जाईना. दहा लाख झबल्यांचं गणित मोठ्या गटाचं आहे, आपण तीस-चाळीस जणांनी सुरुवात करणार, तेवढ्या मालावर हजार निघत नाहीत, असं तिचं म्हणणं. तेवढ्या पैशांत माणसं दोन वर्षं टिकणार नाहीत, असं मामांचं. बियाण्याच्या तपासणीचा खर्च कुणी करायचा, हेही ठरायचं बाकी होतं. दोन्ही आकडे तिने समोरासमोर लिहून ठेवले. गटातल्या बाकीच्या शेतकऱ्यांना पुढच्या बैठकीला बोलवून त्यांच्यासमोर ते मांडायचे, इतकं मात्र दोघांनी मान्य केलं.